टाइप करताना कागद कुठे ठेवायचा? डॉक्युमेंट होल्डर निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आसपास, सीबीएसच्या म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत, टायपिंग आणि झेरॉक्सची छोटी छोटी दुकानं आहेत. सकाळी अकराच्या सुमाराला तिथून जाताना आत डोकावून बघा. खुर्ची बरी असते, स्क्रीन बऱ्यापैकी समोर असते. ज्यावरून सगळं उतरवायचं तो कागद मात्र कीबोर्डच्या डाव्या हाताला टेबलावर आडवा पडलेला असतो. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर स्टेपलर, नाहीतर चहाचा रिकामा ग्लास. टाइप करणारा माणूस दिवसभर मान डावीकडे खाली घालतो, वर काढतो, पुन्हा घालतो.

मीही अशाच एका दुकानात एकोणीस वर्षं प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, भाडेकरार टाइप करते आहे. पहिली बारा वर्षं माझाही कागद आडवाच होता. मग डाव्या खांद्याच्या वर शीर आखडायला लागली, रात्री कूस बदलताना जाग यायची. नवी खुर्ची घेतली, उशी बदलली, मानेला पट्टा लावून झाला. शेवटी ज्या फिजिओथेरपिस्टकडे गेले त्यांनी खुर्चीचं नावही काढलं नाही. "ताई, कागद कुठे ठेवता?" एवढंच विचारलं. मी हाताने दाखवलं, तर म्हणाल्या, "मग दुखणारच."

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, म्हणजे द्राक्षांची एक पेटी. पेटी छातीशी धरून उभं राहणं वेगळं आणि हात लांब करून धरणं वेगळं. मान सरळ असणं आणि पुढे झुकलेली असणं यातही तोच फरक. कागद बाजूला असला की झुकण्याबरोबर वळणंही आलं. एका ओळीसाठी कागदाकडे दोनदा बघितलं आणि पानावर तीस ओळी धरल्या, तर पानाला साठ हेलपाटे. वीस पानांच्या दिवसाला बाराशे. वर डोळ्यांचा त्रास निराळाच. आडवा कागद ४० सेंटिमीटरवर आणि स्क्रीन ६५ वर असली, तर प्रत्येक हेलपाट्याला डोळ्याच्या भिंगाला नव्याने जुळवून घ्यावं लागतं. चाळिशीनंतर ते भिंग आधीच आळशी झालेलं असतं.

डॉक्युमेंट होल्डरचं काम म्हणजे कागदाला दुसरी स्क्रीन बनवणं. स्क्रीन जितकी लांब तितकाच कागद लांब, जितकी उंच तितकाच उंच, आणि दोघांत फट कमीत कमी.

आधी एक दिवस स्वतःकडे बघा

होल्डर विकत घ्यायला धावू नका. तुमची नजर जास्त वेळ कुठे असते, कागदावर की स्क्रीनवर, हे आधी ठरवा. सगळी मांडणी त्यावर अवलंबून आहे आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात. शेजारच्याला सांगा, तुम्ही एक पान टाइप करत असताना दोन मिनिटं फक्त तुमच्या डोळ्यांकडे बघ म्हणावं. आपलं आपल्याला वाटतं ते बऱ्याचदा चुकीचं निघतं. मला वाटायचं मी स्क्रीनकडे बघते. दुकानातल्या मुलीने बघून सांगितलं, "काकू, तुम्ही तर कागदावरून डोळा काढतच नाही." मराठी ४०, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची टायपिंगची परीक्षा, पास झालेल्या माणसाचं असंच असतं. बोटांना कळ पाठ असते, स्क्रीनवर नजर फक्त ओळ संपल्यावर जाते.

नजर मुख्यतः कागदावर असेल तर कागद बरोबर समोर ठेवा आणि स्क्रीन बाजूला सरकवा. हो, स्क्रीन बाजूला. ऐकायला विचित्र वाटतं, पण नाकासमोरची जागा जास्त बघायच्या वस्तूची. आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पुस्तक टाइपरायटरच्या उजवीकडे ठेवायला लावत, कारण डाव्या हाताने कॅरेज ढकलायची असे. ती सवय हाडात मुरली आणि टाइपरायटर गेल्यावरही कागद बाजूलाच राहिला. आता कॅरेज नाही. कागद समोर आणायला कुणाची आडकाठीही नाही.

नजर निम्मी-निम्मी असेल तर स्क्रीनचा मध्य आणि कागदाचा मध्य यांच्या बरोबर मधली जागा नाकासमोर आणा. याचा हिशेब एकदा समजून घ्या. २४ इंची स्क्रीन सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असते. ती मधोमध ठेवली आणि शेजारी ए-फोर कागद उभा केला, तर कागदाचा मध्य तुमच्या नाकाच्या रेषेपासून सुमारे ३९ सेंटिमीटर दूर जातो. ६५ सेंटिमीटरवरून बघायला मान जवळपास ३० अंश वळवावी लागते. ती मधली जागा नाकासमोर घेतली की दोन्हीकडे सोळा-सतरा अंशच उरतात. साधारण १५ अंशांपर्यंत डोळे एकटे काम उरकतात, त्यापुढे मानेला सोबत न्यावं लागतं.

स्क्रीनवरच जास्त काम असेल, म्हणजे वकीलसाहेबांनी लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या तेवढ्या घालायच्या असतील, तर स्क्रीन समोर आणि कागद तिला चिकटून बाजूला.

कागदाआधी खुर्ची आणि स्क्रीन

हे थोडक्यात, कारण याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे. पाय जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकलेले, कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. अंतर ५० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. अक्षर दिसत नसेल तर मान पुढे नेऊ नका, झूम वाढवा. हे पक्कं झाल्याशिवाय होल्डर लावलात तर उद्या खुर्ची खालीवर केल्यावर सगळं पुन्हा करावं लागेल.

कोणता होल्डर?

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. मेनरोड-शालीमार भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत 'कॉपी स्टँड' किंवा 'पेपर स्टँड' म्हणून मागा. 'डॉक्युमेंट होल्डर' म्हटलं की प्लॅस्टिकच्या फायली पुढे करतात.

पहिला, स्क्रीनच्या कडेला चिमट्याने लागणारा. स्वस्त, जागा खात नाही, आणि एक-दोन पानांपलीकडे कुचकामी. हल्लीच्या स्क्रीनला कडाच नसते, त्यामुळे चिमटा चित्रावरच येतो. जाड जुडगं लावलं की तो हळूहळू मान टाकतो. कधीतरी एखादं पत्र टाइप करणाऱ्याने घ्यावा.

दुसरा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा. बाजूला ठेवायचा असेल तर हाच. घेताना दुकानातच त्यावर वीस-पंचवीस पानं लावून वरच्या कोपऱ्याला बोटाने टोचा. डुलला तर घेऊ नका. तळ जड हवा, उंची आणि कल बदलता यायला हवा. आणि मोजपट्टी घेऊन जा. ए-फोर २९.७ सेंटिमीटर उंच असतो, पण कोर्टाच्या कामात अजून भेटणारा लीगल कागद ३५.६. ए-फोरसाठीच्या फळीवर लीगल कागदाचा वरचा पदर मागे लोंबतो आणि नेमकी पहिली ओळ दिसत नाही.

तिसरा, कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्या मध्ये बसणारा उताराचा होल्डर, जुन्या मुनीमजींच्या उतरत्या मेजासारखा. माझ्या मते दिवसभर टाइप करणाऱ्यासाठी हाच सगळ्यात चांगला. मान अजिबात वळत नाही, नजर फक्त वर-खाली जाते. कागदावर खूण करायची, टिकमार्क मारायची सोय होते. जाड फाईलही टेकते. तोटा असा की स्क्रीन मागे सरकवावी लागते, म्हणून टेबल खोल हवं. होल्डरने स्क्रीनचा खालचा भाग झाकायला नको. झाकला तर स्क्रीन उचला, होल्डर अजून आडवा करू नका. लॅपटॉपवर हा चालत नाही, कारण कीबोर्ड आणि स्क्रीन एकाच अंगाला चिकटलेले. लॅपटॉप उंचावर चढवून वेगळा कीबोर्ड लावलात तर चालेल.

सुतळीने अंतर मोजणं

आता मुख्य भाग. एक मीटरभर सुतळी घ्या. नेहमीसारखं बसा, फोटोला बसल्यासारखं नको. सुतळीचं एक टोक डोळ्याखालच्या हाडाला बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्याला सुतळी स्क्रीनच्या मध्यापर्यंत ताणायला सांगा. तिथे गाठ मारा. मग तेच टोक तसंच धरून सुतळी कागदाच्या मध्याकडे वळवा आणि गाठ कागदाला टेकेल असा होल्डर पुढे-मागे करा. शेजारी ठेवलेला कागद सरळ रेषेत ठेवला तर तो स्क्रीनपेक्षा लांब पडतो हे सुतळीच दाखवते. त्यामुळे होल्डर आपसूक थोडा तुमच्याकडे वळतो, उघडलेल्या पुस्तकाच्या पानासारखा. तसाच तो हवा.

उंचीसाठी कागदाची वरची कड स्क्रीनच्या वरच्या कडेला भिडवा. २४ इंची स्क्रीन जवळपास ३० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे उभ्या ए-फोरएवढीच. त्यामुळे स्क्रीन आणि कागद शेजारी उभे राहिलेल्या भावंडांसारखे दिसतात. होल्डर ठेंगणा पडला तर खाली ए-फोरचं न उघडलेलं रीम, म्हणजे ५०० कागदांचं पाकीट, द्या. एका रीमची जाडी साधारण ५ सेंटिमीटर. लीगल कागदाचा तळ फार खाली जातो, म्हणून अर्धं पान झालं की कागद चिमट्यातून वर सरकवा. आळस करू नका, शेवटच्या दहा ओळींतच मान वाकते.

कल स्क्रीनइतकाच, म्हणजे उभ्या रेषेपासून १५-२० अंश मागे. मधल्या उताराच्या होल्डरसाठी हे लागू नाही. तो टेबलापासून ३०-४५ अंश असला की पुरे.

डावीकडे की उजवीकडे? मानेला जी बाजू दुखत नाही ती, असं पुष्कळ जण सांगतात. मी कामाकडे बघून ठरवते. आकड्यांचं काम असेल, समजा लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या हिशेबपट्ट्या चढवायच्या असतील, तर उजवा हात नंबरच्या कळांवर असतो. मग पट्ट्या डावीकडे, म्हणजे डाव्या हाताने एकेक उलटता येते. अशा लहान चिठ्ठ्या मोठ्या होल्डरवर घसरतात. त्यांचा गठ्ठा परीक्षेच्या पॅडला लावा आणि पॅड होल्डरवर ठेवा.

ओळीवर पट्टी

हे मी ठेच खाऊन शिकले. एका खरेदीखतात चतुःसीमा होती. पूर्वेस गट नंबर अमुक, पश्चिमेस शिवाराचा रस्ता, दक्षिणेस गट नंबर तमुक, उत्तरेस ओढा. पूर्वेची आणि दक्षिणेची ओळ दोन्ही 'गट नंबर'वर होत्या. मी स्क्रीनकडे बघितलं, परत कागदावर आले ती नजर खालच्या 'गट नंबर'वर बसली. मधला रस्ता गायब झाला. स्टॅम्प पेपरवर छापून, सही होता होता पक्षकाराच्या आजोबांनी विचारलं, "रस्ता कुठं गेला?" स्टॅम्प पेपर वाया गेला. तो छापला जातो आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणून काही फुकट दुसरा मिळत नाही! पैसे मी भरले.

कागद आडवा असो की उभा, नजर घसरतेच. उपाय म्हणजे ओळीखाली धरलेली पट्टी. काही होल्डरना सरकती पारदर्शक पट्टी असते, ती असलेलाच घ्या. नसेल तर लोखंडी पत्र्याच्या फळीवर लोहचुंबकाची पट्टी, किंवा पॅडला आडवं रबर बँड. पट्टी चालू ओळीच्या *खाली* ठेवायची. वर ठेवली तर झालेलं झाकलं जातं, पण पुढचं सगळं उघडं राहतं आणि घोटाळा पुढच्यातच होतो. ओळ संपली की पट्टी खाली. चार दिवस हात अडखळेल, पाचव्या दिवशी आपोआप जाईल.

उजेड, वारा, प्लॅस्टिक

स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. होल्डर उभा केल्यावर छतावरच्या ट्यूबचा प्रकाश त्यावर तिरका पडतो आणि कागद आधीपेक्षा अंधारा वाटतो. पहिल्या दिवशी वैतागून लोक होल्डर काढतात ते यामुळेच. बाजूने एक लहान टेबल लॅम्प लावा, त्याचं तोंड कागदाकडे, स्क्रीनवर त्याची चमक नको. वाचण्या-लिहिण्याच्या टेबलावर सुमारे ५०० लक्स उजेड धरतात. मोबाइलवरच्या लक्समीटर अॅपने ढोबळ अंदाज येतो. खिडकी पाठीमागे किंवा समोर असण्यापेक्षा बाजूला बरी.

प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद बाहेर काढा, तो चकाकतो. पंखा बंद ठेवणं एप्रिलच्या नाशकात शक्य नाही, तेव्हा वरचा चिमटा पुरत नाही. खालच्या कोपऱ्यालाही एक क्लिप लावा. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन पुढे कलतो, त्याच्या मागे एक जाड पुठ्ठा दिला की ताठ राहतो. जुने, घडीवर फाटायला आलेले दस्त चिमट्यात कधीही अडकवू नका. झेरॉक्स काढून ती लावा. अक्षर बारीक असेल तर झेरॉक्सवाल्याला १४१ टक्के सांगा, ए-फोरचा बरोबर ए-थ्री होतो.

पेटीच्या पुठ्ठ्याचा होल्डर

माझा पहिला होल्डर द्राक्षाच्या पेटीचा होता आणि तो दोन वर्षं टिकला. पन्हळी पुठ्ठ्याची फळी कापा, २४ सेंटिमीटर रुंद आणि ३४ उंच. पन्हळ उभी येऊ द्या, नाहीतर मधे वाकते. पायांसाठी दोन काटकोन त्रिकोण, उभी बाजू ३२, तळ १२. तिसरी बाजू आपोआप ३४ येते आणि कलही बरोबर २० अंशांच्या आसपास जमतो. लीगल कागदासाठी फळी ३८, त्रिकोण ३६ आणि १३. फळी त्रिकोणांवर फेविकॉलने चिकटवून वरून तपकिरी टेप मारा, रात्रभर वजनाखाली ठेवा. खालच्या कडेला अडीच सेंटिमीटरची पट्टी आडवी लावली की कागद टेकतो. पायांच्या मधे वाळूची लहान पिशवी ठेवा, ती विसरलात तर पहिल्याच पंख्याला होल्डर तोंडावर पडेल. फळीवर परीक्षेचं जुनं पॅड चिकटवलं की चिमटाही मिळाला.

जाड बांधीव वही, रजिस्टर असेल तर यावर टिकणार नाही. त्यासाठी पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानांत मिळणारा लाकडी घडीचा पोथीस्टँड घ्या. वही उघडी राहते, कणा मोडत नाही. फक्त तो बुटका असतो, खाली दोन रीम द्या आणि स्क्रीनच्या पुढे, मधल्या जागी ठेवा.

हल्ली निम्मा मजकूर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून येतो. मोबाइल टेबलावर आडवा ठेवून त्यावरून टाइप करणं हे आडव्या कागदापेक्षाही वाईट, कारण अक्षर बारीक असल्याने माणूस आणखी वाकतो. फोटो कॉम्प्युटरवर घेऊन स्क्रीनच्या अर्ध्या भागात उघडा. तीनपेक्षा जास्त पानं असतील तर सरळ प्रिंट काढा.

डबल भिंगाचा चष्मा असेल तर

वाचायच्या चष्म्याचा नंबर साधारण ३५-४० सेंटिमीटरसाठी काढलेला असतो. होल्डरवरचा कागद ६५ वर गेला की तो धूसर दिसतो. मग डबल भिंगवाला माणूस खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करतो आणि मान मागून दुखायला लागते. स्क्रीन आणि कागद दोन्ही थोडे खाली आणून बघा. तरी हनुवटी उचलावी लागत असेल तर चष्म्याच्या डॉक्टरांकडे जाताना ती गाठ मारलेली सुतळी खिशात घेऊन जा आणि "मला एवढ्या अंतरासाठी हवा" म्हणून दाखवा. मी दाखवली तेव्हा ते हसले, पण नंबर त्यावरच काढला.

पहिला आठवडा वेग कमी होईल, हे धरून चाला. घाईचं काम असलेल्या दिवशी नवीन मांडणी सुरू करू नका. शनिवारी दुपारनंतर करा. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद सहा-एक मीटर लांब बघा, आमच्याकडून समोरच्या झेरॉक्सवाल्याची पाटी दिसते, तेवढी पुरते. दुखणं दंडातून खाली उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर होल्डरशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक टेबल दोघं वापरत असतील तर आणखी एक करा. आमच्याकडे सकाळची मुलगी माझ्यापेक्षा चांगली वीतभर बुटकी आहे. ती उठली की मी बसणार आणि होल्डर तिच्या उंचीला. रोजची सुतळी कोण काढणार? म्हणून टेबलावर होल्डरच्या पायांभोवती रंगीत टेपचे तुकडे लावलेत, तिचे निळे, माझे लाल. तिच्या वेळेला खाली रीम नसतं, माझ्या वेळेला एक असतं. ते रीम प्रिंटरमध्ये घालायचं नाही, म्हणून त्यावर मार्करने लिहून ठेवलंय: 'हा कागद नाही, स्टूल आहे.'